जायले दोन तास, यायले सत्तावीस

...नाई, तुम्हीच सांगा राजेहो, दोन तासांत काय होते? कारंज्याहून सकाळी वर्ध्याची एस.टी. धरली तर दोन तासांत वर्धा येईल याची कंडक्टरसुद्धा खात्री देत नाई. मधात कोणी वांग्याचं पोतं घेऊन चढते, कोणी बकरीचं तिकीट लागते का नाई यावरून वाद घालते, ड्रायव्हरले त्याचा साळा रस्त्यात भेटते... आणि हा छापील कागद मले सांगून राह्यला, की दिल्लीहून विमान सकाळी सव्वापाचले निघते आणि कॅनडातल्या व्हँकुव्हर गावात त्याच दिवशी सकाळी सव्वासातले उतरते. त्याच दिवशी! तारीख पाहून घेतली मी दोनदा, चष्मा पुसून. दोन तास! आणि मी... तुम्हाले सांगतो, पस्तीस वर्षं दुकानात घातलेला माणूस... मी मानलं!

काऊन मानलं? कारण मी व्यापारी माणूस आहो. काटेरी तारेच्या बंडलावर जे छापलेलं असते, तेच मी गिऱ्हाइकाले सांगतो. माझं कारंजा घाडग्याले हायवेच्या कडेले हार्डवेअरचं दुकान आहे, तार, दोर, खिळे, ठिबकच्या नळ्या. मधुभाऊ म्हटलं की कोणीही दाखवून देईल. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं तराजूनं शिकवलं. लोकायले वावर किती एकर आहे ते विचारा लागते, मले नाई. त्यानं तार किती नेली ते सांगा, मी वावर सांगतो, बांध सांगतो, शेजाऱ्याचा किती ओढून घेतला तेही सांगतो. असा मी मोजमापातला माणूस. आणि मले फक्त एक आकडा पाहिजे होता.

झालं असं. माझी पोरगी गुंजन. सेवाग्रामले नर्सिंग शिकली, तिथंच तीन वर्षं नोकरी केली आणि मागच्या वर्षी जूनमधी तिले व्हँकुव्हरच्या एका दवाखान्याचं पत्र आलं. या म्हणे, आणि उत्तर आठ दिवसांत कळवा म्हणे. आमची मंडळी, कुसुम, पहिल्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी लोकर घेऊन स्वेटर विणायले बसली. बेचाळीस डिग्रीत. म्हणजे तिचा होकार समजून घ्या. माझं तर काय, पोरगी हुशार, आपण कशाले आडवं जा? राह्यली एकच. माझी माय. रामबाई. वय त्र्याऐंशी, दात दोन, आणि घरातला शेवटचा शब्द तिचा.

मायनं सगळं आयकून घेतलं. पगार विचारला नाई. थंडी विचारली नाई. तिथं पोळ्या कोण करून देते तेही विचारलं नाई. तिनं विचारलं,

"निरोप गेल्यावर पोरगी किती तासात घरी येते?"

आता हे तुम्हाले समजावून सांगा लागते. माय अंतर कोसानं मोजत नाई, किलोमीटरानं नाई. तिचं माप एकच. घरात कोणी गेलं आणि निरोप निघाला, तर माणूस मातीले पोचते का? सरणावर एक लाकूड ठेवायले हात लागते का? लागत असंल तर गाव जवळ, नसंल तर दूर. माझ्या दोन्ही बहिणी याच मापानं दिल्या. एक आर्वीले, एक तळेगावले. जबलपूरचा एक सोन्यासारखा पोरगा मायनं वापस पाठवला, कारण मधात दोन गाड्या बदला लागत होत्या. आणि हे काऊन, ते तिनं मले एकदाच सांगतलं. तिचं माहेर गिरडाकडचं. तिचे वडील गेले तेव्हा निरोप वेळेवर आलता, बैलगाडीही निघालती, पण नाला भरून वाहत होता. दोन दिवस ती अलीकडच्या काठावर बसून होती. पोचली तेव्हा राख थंड झालती. तेवढंच सांगून ती तूर निवडायले लागली.

तर अशा बाईले मले आकडा द्यायचा होता. आणि माय कोणाचंच माप एकदा मानत नाई, हेही ध्यानात ठेवा. दुधवाला मोजून गेला की ती घरच्या पितळी गंजात परत मोजते. बाबा होते तेव्हा आपल्याच दुकानातून कपडे वाळवायले दोर आणला, तरी हातानं परत मोजे आणि बाबाले म्हणे, वितभर कमी आहे.

म्हणून मी आदेशकडे गेलो. आदेश म्हणजे आमच्याइकडचा तिकिटंवाला, स्टँडपाशी टपरीएवढं ऑफिस, पण भिंतीवर विमानाचं चित्र भिंतीपेक्षा मोठं. त्यानं मले तो वेळापत्रकाचा कागद छापून दिला. सव्वापाच, सव्वासात. मी रस्त्यातूनच हिशोब करत आलो आणि उंबऱ्यातूनच सांगतलं, माय, दोन तास.

माय म्हणे, "दोन तास? मंग तं गिरडापेक्षाही जवळ हाये."

आणि तिनं हो म्हटलं. तिनं डब्यातला गूळ काढला, गल्लीत वाटायले लावला, भेटेल त्याले सांगे की नात जवळच देऊन राह्यलो, दोन तासावर. शेजारची ज्योत्स्ना म्हणे, काकू, मंग भाजी इथूनच पाठवत जाजा.

संध्याकाळी गुंजन ड्यूटीवरून आली. तिनं गूळ तोंडात टाकला, कागद पाह्यला आणि खाली बसली. हसून राह्यली का रडून राह्यली तेच मले समजत नोतं. म्हणे, बाबा, तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं आहे. इथं संध्याकाळ झाली की तिथं सकाळ असते.

आता झाली का पंचाईत? माझ्या दुकानात मीटर म्हणजे मीटर. नागपुरात गेलं म्हणून मीटर आखूड होत नाई. आणि ज्याच्यावर सगळं जग चालते ते घड्याळ, ते गावोगाव वेगळं? मायले जाऊन सांगा लागलं. ती म्हणे, "सकाळून संध्याकाळपर्यंत गाव सरकलं का रे?" आणि होकार वापस. गूळ मात्र वापस येत नाई, तो लोकायनं खाल्ला. वरून म्हणे, खरा आकडा आण, मंग बोल. आठातले सहा दिवस राह्यले होते, आणि राजेहो, मले फक्त एक आकडा पाहिजे होता.

फोनले विचारलं. फोनवर टाकलं कारंजा घाडगे ते व्हँकुव्हर. तो फिरला, फिरला आणि म्हणे रस्ता सापडत नाही. अरे, रस्ता नाईच म्हणून तर विमानानं पाठवून राह्यलो ना पोरीले! मंग दिल्ली ते व्हँकुव्हर टाकलं. एका ठिकाणी अकरा हजार शंभर किलोमीटर. दुसऱ्या ठिकाणी त्याहून जास्ती. तिसऱ्या ठिकाणी मैल. मैल कोणी मागतले होते? तार एकच, तीन ठिकाणी मोजली तर तीन लांब्या! असा माल मी दुकानात ठेवला असता तर लोकायनं मले त्याच तारेनं बांधलं असतं.

आदेशकडे परत गेलो. तो म्हणे, काका, कोणता आकडा पाहिजे? सरळ जायचं तर वेगळा, आखातातून गेलं तर वेगळा, लंडनवरून गेलं तर वेगळा, आखातात मुक्काम केला तर हॉटेल फुकट. मी म्हटलं, अबे, खरा कोणता? तो म्हणे, सगळेच खरे आहेत.

दुकानात वापस येऊन बसलो तर गोमाजी आला, ट्रक चालवते, ताडपत्रीले दोर घ्यायले येते. तो म्हणे, मधुभाऊ, किलोमीटर सोडा. मी नागपूर-अमरावती चहात मोजतो. रस्ता चांगला असला तर दोन चहा, काम चालू असलं तर पाच. वर आभाळातही तसंच असंल, कुठं लढाई लागली, कुठं रस्ता बंद केला, फिरून जा लागत असंल. आणि तुम्हाले सांगतो, आदेशले विचारलं तर तो म्हणे, हो, बरोबर, कधी तास-दीड तास वाढतो. म्हणजे आभाळातही डायव्हर्जन! मले वाटलं होतं तेवढं एक तरी मोकळं असंल.

मंग मी म्हटलं, याले मास्तरच पाहिजे. अण्णाजी, आमचे भूगोलाचे मास्तर, रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण कोणी चूक बोललं की अजून कान धरायले हात पुढं येते. त्यायले बोलावलं. ते शाळेतला पृथ्वीचा गोल घेऊन आले, काखेत धरून, कलिंगडासारखा. मी आधी दुकानातल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर बाइंडिंगची तार लावून पाह्यली. अरबस्तान, युरोप, मोठा समुद्र, अशी आडवी गेली. अण्णाजी म्हणे, "मधुकर, पृथ्वी काय तुझ्या भिंतीले खिळा मारून लावली आहे का? गोलावर लाव."

गोलावर लावायले गेलो तर भारतच नाई! पन्नास वर्षं पोरायनं आपला देश दाखवायले बोट ठेवून ठेवून भारत पार पुसून टाकला होता. पांढरा पुठ्ठा. लंका तेवढी शाबूत होती. मंग लंकेपासून दीड बोट वर मोजून आम्ही दिल्ली धरली, आणि अण्णाजींनी तार ओढली तर ती सरळ वरच गेली. रशियावरून, बर्फावरून, डोक्यावरून, आणि पलीकडून खाली उतरली. मी म्हटलं, मास्तर, हे वाकडं चाललं. ते म्हणे, "हेच सरळ आहे. तुले वाकडं दिसते, कारण तू भिंत पाहून आला." आणि खरं सांगतो, तार ताणली तर तिथंच कमी लागली. टेकडीवर कुंपण घातलेला माणूस आहो मी, मले ते पटलं. पण तार किती तासाची? गोलावर तास लिहिले नोते. चार दिवस राह्यले.

मंग मी डोकं लावलं. म्हटलं, जाताना घड्याळ फसवते, तर येताना नाई फसवणार. पोरगी यायची वेळ धरू, मायले तरी यायचीच पाहिजे. आदेशकडून यायचा कागद आणला. सकाळी सव्वादहाले तिथून निघते... आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता दिल्लीले उतरते.

सत्तावीस तास.

जायले दोन, यायले सत्तावीस! तेच विमान, तेच आभाळ! आता हे मायले सांगू? ती सरळ म्हणाली असती, की जाणं सोपं आणि येणं कठीण असं गाव मले नाई पाहिजे, पोरगी घरात ठेव. वरून आदेश म्हणे, काका, हिवाळ्यात ते लोक घड्याळ तासभर आणखी मागं सरकवतात, तेव्हा हे आकडे पुन्हा बदलतील. मी त्याले म्हटलं, बाबू, तू आता बोलू नको. मले फक्त एक आकडा पाहिजे होता, तू मले हंगाम सांगून राह्यला.

मी दुकानात येऊन बसलो, जेवणाचा डबा न उघडता. समोर बाबाचा जुना दांडीचा तराजू टांगलेला आहे. आता काट्यावर मोजतो आपण, पण तो मी काढला नाई. त्या तराजूले पासंग होता. डावं पारडं थोडं जड. बाबानं मले पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की तराजू खोटं बोलत असला तरी घाबरायचं नाई. माल एकदा या पारड्यात ठेव, एकदा त्या पारड्यात ठेव. एकात जेवढं जास्त दाखवीन, दुसऱ्यात तेवढंच कमी दाखवीन. दोन्ही मिळव, अर्धं कर. खरं वजन हातात.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला ना राजेहो! घड्याळाले पासंग आहे! जाताना दोन, येताना सत्तावीस. दोन आणि सत्तावीस, एकोणतीस. अर्धे, साडेचौदा. साडेचौदा तास! आणि पासंग किती? साडेबारा. गुंजननं सांगतला तेवढाच, कमी नाई, जास्त नाई. मी तिथल्या तिथं उठून उभा राह्यलो. गिऱ्हाइकाले वाटलं त्याच्या खिळ्यात काही निघालं. अण्णाजींकडे पळत गेलो, त्यायनं कागदावर तीनदा तपासलं आणि फक्त म्हणे, "हं." वीस वर्षांत त्यायनं कोणाले हं म्हटलेलं मी आयकलं नोतं.

मंग मी दारापासून दारापर्यंत जोडलं. पोरीच्या खोलीपासून विमानतळ एक तास. तिथं तीन तास आधी बसा लागते. उडायचे साडेचौदा. दिल्लीत दुसऱ्या विमानाची वाट साडेतीन. दिल्ली-नागपूर पावणेदोन. पेटी यायले अर्धा. नागपूरहून आपलं दार पावणेदोन. सव्वीस. शेवटच्या दिवशी मी मायसमोर बसलो. कुसुम दारात उभी, गुंजन खालती बसलेली. म्हटलं, माय, सव्वीस तास.

"या वेळी खरं?"

"बाबाच्या तराजूनं काढलं, माय."

तिनं बोटाच्या पेरावर सव्वीस मोजून पाह्यले. मंग माझ्याकडे न पाहता गुंजनले म्हणे, "काऊन वो, सव्वीस तास मले ठेवता येते का?"

राजेहो, मी दुकानात बरेच सवाल आयकले, पण असा नाई. कुसुमनं तोंडाले पदर लावला. पोरगी मात्र नर्स. तिनं आजीचा पाय हातात घेतला, आणि जसं दवाखान्यात सांगतात तसं सरळ सांगतलं, "ठेवता येते, आजी. मी सांगून जातो बाबाले कसं ते."

"मंग जाय," माय म्हणे. "पोचली की फोन करजो."

पोरगी गेली. अकरा महिने झाले. आणि तुम्हाले वाटलं इथं संपलं. मलेही तसंच वाटलं होतं.

मागच्या सोमवारी, दुपारी दोन वाजता, जेवणं झाल्यावर, मायनं शेजारच्या ज्योत्स्नाले फोन लावायले सांगतला. गुंजन रात्रपाळीले होती, तिथं रात्रीचा दीड. मायनं तिले फक्त एवढं म्हटलं, "गुंजन, निघ." आणि फोन ज्योत्स्नाच्या हातात देऊन दिला.

गुंजनचा मले दुकानात फोन, बाबा, आजीले काय झालं? मले काय माहीत? पळत घरी. माय खाटेवर, चादर हनुवटीपर्यंत, डोळे मिटलेले. विचारलं तर बोलत नाई. हात लावला तर हात झटकते, आणि जोरात झटकते. डॉक्टरले आणलं, तो म्हणे बीपी ठीक, नाडी ठीक, वय आहे, सांगता येत नाई. आर्वीची बहीण आली, तळेगावची आली. मायनं फक्त एकच मागतलं. स्वयंपाकघरातलं घड्याळ भिंतीवरून काढून उशाशी ठेवायले लावलं. आम्ही म्हटलं, बिचारी आपल्या घटका मोजून राह्यली. कुसुमनं पाण्यात तुळस टाकून वाटी बाजूले ठेवली. मी... मी गुंजननं शिकवून ठेवलेलं ते सगळं, बर्फ कुठून आणायचा, ती गार ठेवायची पेटी कोणाले सांगायची, ते मनात घोकत दोन दिवस उंबऱ्यावर बसून होतो. विनोद नाई सांगून राह्यलो.

मंगळवारी रात्री नवाले गाडी दारात आली. पोरगी पायातले बूट न काढता आत धावली, आजी म्हणून अंगावर पडली. मायनं डोळे उघडले. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, दोनदा. मंग उशाशी हात घालून घड्याळ घेतलं, डोळ्यापाशी नेलं, बोटावर काही मोजलं, आणि उठून बसली. चांगली ताठ.

"एकतीस," माय म्हणे. "मधुकर, तू सव्वीस सांगतले होते."

बहिणी रडायच्या थांबल्या. मी म्हटलं, माय, सव्वीस बरोबरच आहेत, पण विमान दिवसातून एकदाच, सकाळी सुटते. तिले पाच तास ते सुटायची वाट पाहा लागली असंल. तर माय म्हणे, "मंग ते नाई मोजले तू? तू काय विमान दारात उभं करून ठेवलं होतं?"

सांगा आता. साडेचौदा तास मी पासंग काढून काढले, अण्णाजीनं हं म्हटलं, दिल्लीतली वाट धरली, पेटीचा अर्धा तास धरला, आणि एस.टी.च्या स्टँडवर जन्म गेलेल्या माणसानं गाडी सुटायची वाटच धरली नाई. त्र्याऐंशीच्या... नाई, आता चौऱ्याऐंशीच्या बाईनं खाटेवर पडून काढला बरोबर आकडा. तुळशीची वाटी तिनं स्वतः उचलली आणि पिऊन टाकली, तहान लागली होती म्हणे. आर्वीच्या बहिणीनं घरी फोन करून सांगतलं, माय बरी आहे, मोजून राह्यली होती. आणि गुंजन? मले वाटलं पोरगी भडकेल, अर्धी पृथ्वी ओलांडून आली, ड्यूटी टाकून आली. ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून, बुटासकट, झोपून गेली होती.

सकाळी मी मायले म्हटलं, जाऊ दे, झालं ते झालं. पण पोरीले चारच दिवसांची सुट्टी मिळाली आहे, दोन तर येण्यातच गेले, उद्या निघा लागीन, ते लोक वाट पाहून राह्यले. माय अंबाडीची भाजी निवडत होती, गुंजनले आवडते म्हणून. भाजीवरची नजर न काढता म्हणे,

"कायची घाई हाये रे? जायले तं तिले दोनच तास लागते. तूच आणलतं नं तो कागद? गूळही वाटला होता आपण."

आदेशले फोन केला मी, तिकीट पुढच्या सोमवारचं करून टाक म्हटलं. तो म्हणे, काका, किती दिवस राहणार म्हणून लिहू? मी म्हटलं, बाबू, आकडा मले विचारू नको... तो मायले विचार.